‘केशवराव’चा वारसा पेठांमधून गोळा करायचा तर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ज्यांचं नाव त्याला आहे, त्या गायक-नट केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती, त्यामुळे ते गावाला जास्तच लागलं. भिंती आणि छप्पर परत उभं करायला शासन आहे, महापालिका आहे. पण तिथे शंभरावर वर्षं काय काय घडलं, ते कुठल्या टेंडरात यायचं? ते माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, आल्बममध्ये आहे, नाहीतर म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. ते बाहेर कसं काढायचं, एवढंच इथे सांगते. मी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळायचे, त्यामुळे रंगमंचापेक्षा मागची बाजूच मला जास्त माहीत.

सुरुवात व्याख्यानानं करू नका. फलकावर ‘वारसा’, ‘संवर्धन’ असले शब्द दिसले की ठरलेलीच माणसं येतात, शाल-श्रीफळ होतं आणि चहा पिऊन सगळे घरी जातात. आधी त्यांच्याकडे जा ज्यांना कधी कोणी रंगमंचावर बोलावलं नाही. पडदा ओढणारे, स्पॉट धरणारे, दारावर तिकीट फाडणारे, मध्यंतरात वडे तळणारे. प्रयोग सुटायची वाट बघत बाहेर थांबणारे रिक्षावाले. रात्री बारा वाजता नऊवारीला इस्त्री मारणाऱ्या बायका.

ही माणसं सभागृहात सापडत नाहीत, तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या कुस्तीच्या आखाड्याच्या, कट्ट्यावर सापडतात. कोल्हापुरात पेठेतलं काहीही करायचं झालं तर तालमीला वगळून होत नाही. इथे तर कारणही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. त्याला लागूनच नाट्यगृह उभं राहिलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, १९१५ मध्ये. पैलवान आणि गवई एकाच आवारात. म्हणून वस्तादांनाही विचारा. आतलं नाट्यपद त्यांनी भिंतीपलीकडून फुकट ऐकलेलं असतं.

आता प्रश्न. “तुमच्या आठवणी सांगा” म्हटलं की माणूस गप्प होतो, नाहीतर भाषण ठोकतो. “आमच्यात कसला आलाय इतिहास, बाई?” हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी बारीक विचारा. आत कोणत्या दारानं शिरायचात? बसायचात कुठे? तिकिटाचे पैसे कोण द्यायचं? घरी काय सांगून यायचात? मेकअपच्या खोलीत आरसा कुठे होता? एक मावशी काहीच आठवत नाही म्हणून बसल्या होत्या. मी विचारलं, विंगेत थांबायचात तेव्हा हातात काय असायचं? त्या एकदम म्हणाल्या, “सेफ्टी पिना. मंगळसूत्रात अडकवलेल्या. दुसऱ्या अंकात शालू फिटला तर?” पुढे त्या बराच वेळ बोलत होत्या आणि प्रत्येक नाटक त्यांना साडीवरून आठवत होतं.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. पहिल्या वाक्यात नाव, पेठ आणि तारीख बोलून घ्या. हे कोणाला ऐकवायचं आणि कोणाला नाही, तेही तेव्हाच विचारून घ्या. माणसं हात राखून नाही बोलत, नंतर त्यांची सून भांडायला येते.

कागदांच्या बाबतीत मी कडक आहे. लोकांचे फोटो घरी आणू नका, त्यांच्याच घरी खिडकीजवळ ठेवून फ्लॅश न मारता टिपा, पुढून आणि मागूनही. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी नावं असतात. नवी नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, कडेला, न दाबता. चिकट पानांच्या आल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट फोटो घ्या. जुनी हँडबिलं हाताला लागताच तुटतात. ती लॅमिनेट करायची हौस काही जणांना असते, त्यांना तिथेच थांबवा. लॅमिनेशन परत सुटत नाही, कागद कायमचा गेला. साधा पांढरा कागद मध्ये घालून पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवायला सांगा. आणि आगीनंतरच्या आवारातून आठवण म्हणून काही उचलून आणू नका, ती वस्तू महापालिकेची आहे.

मुलांना आणायचं असेल तर इमारतीवरून सुरुवात करू नका, केशवरावांच्या वयावरून करा. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. लहानपणीच नाटक कंपनीत. ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका करून गाजलेला पोरगा. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा सतरा वर्षांचे होते. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य. बारावीच्या वर्गात हे सांगून बघा, मागच्या बाकावरचे मोबाइल खाली जातात.

मग मुलांना काम द्या. मला सगळ्यात आवडतं ते पडदा रंगवणं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी इथे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, ते सगळ्यांना माहीत असतं, पडदे मात्र विसरले जातात. मांजरपाट घ्या, खळ लावून वाळवा, जमिनीवर अंथरा. गावात बोर्ड रंगवणारे हात अजून आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवा. महाल, जंगल, रस्ता यातला एकच देखावा ठरवा. जवळून नुसते फटकारे दिसतात, दहा पावलं मागं सरकलं की महाल उभा राहतो. हे पोरांना सांगावं लागत नाही, ती आपोआप मागं-पुढं पळत राहतात.

दिवस निवडताना २६ जून टाळा. शाहू जयंतीला गावभर कार्यक्रम असतात, तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही. ९ ऑगस्ट योग्य, पण तेव्हा इथे पाऊस असतो, म्हणून तालमीचं नाहीतर शाळेचं सभागृह आधीच धरून ठेवा. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन दिवाळीच्या आसपास येतो, बाहेरगावी असलेली मुलं घरी असतात आणि आजोबांचा आल्बम उघडायला तीच मदत करतात.

प्रदर्शन भारी हॉलमध्ये नको. ज्या पेठेतून फोटो आला त्याच पेठेत, दोरीला चिमटे लावून टांगा. शेजारी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवा, म्हणजे “हा डावीकडचा आमचा अण्णा” असं लोकच लिहून जातात. ती नावं त्याच रात्री वहीत उतरवा. नकलेचा एक संच फोटो देणाऱ्याला, एक तालमीत, एक वाचनालयात. देणाऱ्याचा संच आधी पोचवा, नाहीतर पुढच्या घरात दार उघडत नाहीत.