कन्फ्यूशियस आणि अ‍ॅरिस्टॉटल शेजारी ठेवून कसे वाचायचे

फिलॉसॉफीचे विद्यार्थी असोत नाहीतर यूपीएससीच्या जीएस ४ ची (नीतिशास्त्राच्या पेपरची) तयारी करणारे, कन्फ्यूशियस आणि वेस्टर्न व्हर्च्यू एथिक्सची (नियमांपेक्षा माणसाच्या गुणांवर भर देणारं नीतिशास्त्र, मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटलचं) तुलना करा म्हटलं की पहिलं काम काय, तर वहीत दोन रकाने आखायचे. डावीकडे माणुसकी, विधी, आईवडिलांची भक्ती, उजवीकडे धैर्य, संयम, न्याय, आणि खाली ते ठरलेलं वाक्य की पूर्वेकडे समाज महत्त्वाचा आणि पश्चिमेकडे व्यक्ती. माझं म्हणणं, तो तक्ता करूच नका. चांगल्या गुणांच्या याद्या कुठल्याही दोन देशांच्या घ्या, थोड्याफार जुळतातच, हाती काही लागत नाही. आणि ते समाज-व्यक्तीवालं वाक्य तर अ‍ॅरिस्टॉटल उघडला की लगेच पडतं, कारण माणूस स्वभावानेच नगरात राहणारा प्राणी आहे हे त्याचंच म्हणणं, आणि त्याच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांतले अख्खे दोन भाग मैत्रीवर आहेत.

त्यापेक्षा प्रसंग घ्या. एक इकडचा, एक तिकडचा, दोन्हीत अडचण साधारण सारखी, आणि मग बघायचं की कोण कुठे वळतो.

आधी सामान. कन्फ्यूशियसचं (इ.स.पूर्व ५५१ ते ४७९) अ‍ॅनालेक्ट्स, म्हणजे शिष्यांनी मागाहून जमवलेली संभाषणं, २० छोटे भाग. अ‍ॅरिस्टॉटलचं (इ.स.पूर्व ३८४ ते ३२२) निकोमाखियन एथिक्स. सगळं वाचायची गरज नाही, अ‍ॅनालेक्ट्सचे १, २, ३, ४, १०, ११, १२, १३ आणि अ‍ॅरिस्टॉटलचे १, २, ४, ६, ८, ९, १० एवढे भाग पुरतात. इंग्रजीत लेग (अ‍ॅनालेक्ट्स) आणि रॉस (अ‍ॅरिस्टॉटल) यांची जुनी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात, फक्त लेगमध्ये उताऱ्यांचे नंबर काही ठिकाणी एखाद्याने पुढेमागे असतात, तेव्हा नंबर जुळला नाही तर घाबरू नका, आजूबाजूला शोधा. आणि वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा की अ‍ॅरिस्टॉटल वर्गात शिकवतोय, तो व्याख्या देतो, आणि कन्फ्यूशियस समोरच्या माणसाशी बोलतोय. बाराव्या भागाच्या सुरुवातीलाच तीन शिष्य एकामागून एक येऊन माणुसकी म्हणजे काय असं विचारतात आणि तिघांना तीन उत्तरं मिळतात. त्यातलं एक उचलून "कन्फ्यूशियसची व्याख्या" म्हणून लिहिलंत की फसलात.

आता पहिली जोडी, सोपी. अ‍ॅनालेक्ट्स ११.२२ (म्हणजे अकराव्या भागातला बाविसावा उतारा). झिलू हा शिष्य विचारतो, काही चांगलं ऐकलं की लगेच करावं का? गुरुजी म्हणतात, अरे बाप आहे, मोठे भाऊ आहेत, त्यांना न विचारता लगेच कसं करशील? थोड्या वेळाने रान यू तोच प्रश्न विचारतो तर त्याला म्हणतात, हो, लगेच कर. तिसरा शिष्य तिथेच असतो, तो चक्रावतो, हे काय, प्रश्न एक आणि उत्तरं उलटी? तर उत्तर येतं की रान यू मागे सरतो म्हणून त्याला ढकललं, झिलूमध्ये दोघांचा जोर आहे म्हणून त्याला धरून ठेवलं. आता अ‍ॅरिस्टॉटलचा दुसरा भाग काढा. दहा माप अन्न जास्त, दोन माप कमी, म्हणून ट्रेनर सगळ्यांनाच सहा माप देत नाही, कारण सहा माप मायलो पैलवानाला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. मध्य, म्हणजे जास्त आणि कमी यांच्यामधलं योग्य माप, हा माणसागणिक बदलतो.

इथपर्यंत दोघं एकच बोलतायत असं वाटतं, आणि बरेच जण इथेच थांबून "दोघेही मध्यममार्गी" लिहून मोकळे होतात. थांबू नका, पुढचा प्रश्न विचारा, की हा मध्य शोधतो कोण? अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, आपला कल कुठे आहे ते स्वतः ओळखा आणि उलट्या बाजूला स्वतःला ओढा, वाकडं लाकूड सरळ करतात तसं. गंमत म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतला शुन्झीही वाकड्या लाकडाचंच उदाहरण देतो, पण त्याच्याकडे लाकडाला वाफ देऊन साच्यात दाबावं लागतं, आणि ते काम गुरू आणि विधी यांचं. लाकूड तेच, हात कोणाचा लागतो त्यात फरक. हे एवढं लिहिलंत तरी तक्त्यापेक्षा पन्नास पट बरं.

दुसरी जोडी जरा अवघड आहे आणि खरा माल इथेच आहे, तेव्हा इथे वेळ घालवा. अ‍ॅनालेक्ट्स १३.१८. शे नावाच्या प्रदेशाचा अधिपती फुशारकीने सांगतो, आमच्याकडे इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे असतात, बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, सरळपणा त्यातच असतो. याच्या शेजारी प्लेटोचा युथिफ्रो हा संवाद ठेवा. एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाला मारलं, युथिफ्रोच्या बापाने मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस पाठवला, तोवर तो मजूर थंडीने आणि भुकेने मेला. आता पोरगा बापावर खुनाचा खटला भरायला आलाय, आणि कोर्टाच्या दाराशी सॉक्रेटिस भेटतो.

ही जोडी लावताना लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, मेंढी आणि खून यांचं वजन सारखं नाही, ते स्पष्ट लिहा. दोन, "पश्चिम म्हणजे बापालासुद्धा कोर्टात खेचणारे" असं लिहू नका, कारण युथिफ्रोचे घरचेच त्याच्यावर भडकलेत की मुलाने बापावर खटला भरणं अधर्म आहे म्हणून, आणि सॉक्रेटिसही त्याला शाबासकी देत नाही, तुला एवढी खात्री कुठून आली असंच विचारत राहतो. अ‍ॅरिस्टॉटल तर आठव्या भागात सरळ म्हणतो की परक्याला मारण्यापेक्षा बापावर हात उचलणं जास्त भयंकर, नात्यानुसार अन्यायाचं वजन वाढतं. आणि इकडे कन्फ्यूशियसही "चालू द्या चोरी" असं म्हणत नाही, चौथ्या भागात आईवडील चुकले तर त्यांना हळुवारपणे समजवावं असं आहेच.

मग फरक कुठे उरला? मला वाटतं तो असा की अ‍ॅनालेक्ट्समध्ये घर हे मूळ आहे, १.२ मध्ये तसं जवळजवळ शब्दशः येतं, घरी नीट वागणारा बाहेर सहसा बंड करत नाही. अ‍ॅरिस्टॉटलकडे घर लागतंच, पण प्रवास पुढे जातो, दहाव्या भागात तो चिंतनाचं आयुष्य सगळ्यात वर ठेवतो आणि पुस्तक संपवताना कायदे आणि राज्यव्यवस्थेकडे वळतो. आणि १३.१८ नुसतं पुस्तकात राहिलं नाही बरं का. चीनमधल्या तांग घराण्याच्या काळातल्या कायद्यात जवळच्या नातेवाइकाला लपवणं माफ होतं, राजद्रोहासारखे गुन्हे सोडून, उलट आईबापांविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलालाच मृत्युदंड. अगदी २०१२ मध्ये चीनने फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला तेव्हा आरोपीचा नवरा किंवा बायको, आईवडील आणि मुलं यांना साक्षीसाठी कोर्टात यायची सक्ती करता येणार नाही असं घातलं. आपल्याकडे गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमातून सूट आहे ती नवरा-बायकोला, आईबापांना नाही. हे लिहिलंत की उत्तर एकदम जमिनीवर येतं.

तिसरं काम, ज्याला जोडीच मिळत नाही ते शोधा. अ‍ॅनालेक्ट्समध्ये विधी सगळीकडे आहेत. झिगोंग या शिष्याला अमावास्येच्या विधीतला मेंढीचा बळी बंद करायचा असतो तर गुरुजी म्हणतात, तुला मेंढीची माया, मला विधीची. अ‍ॅरिस्टॉटलकडे चारचौघांत कसं वागावं, थट्टा किती करावी हे आहे, पण टोपी कशाची असावी आणि नमस्कार पायऱ्यांच्या खाली करायचा की वर याची नैतिक चर्चा नाही. उलट त्याचा तो चौथ्या भागातला मोठ्या मनाचा माणूस बघा, सावकाश चालणारा, खर्जात बोलणारा, मोठा मान आपला हक्कच आहे असं समजणारा (आणि तो हक्क खरोखर असणारा, हे विसरू नका). त्याच्यासमोर दहाव्या भागातला कन्फ्यूशियस उभा करा, जो राजवाड्याच्या भल्यामोठ्या दारातून असा अंग आक्रसून आत जातो की जणू ते दार त्याला पुरत नाही. माझ्या मते या दोन चाली शेजारी ठेवल्या की दोन्ही परंपरांचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा कुठल्याच व्याख्येने कळत नाही.

लेबलाचा वाद शेवटी घ्या, आधी नको. व्हर्च्यू एथिक्स हे आजचं खातं तसं नवीनच आहे, १९५८ मध्ये अ‍ॅन्सकोम्बच्या निबंधाने आणि १९८१ मध्ये मॅकिन्टायरच्या पुस्तकाने त्याला जोर आला. त्यात कन्फ्यूशियसला बसवायचं का? एम्स आणि रोझमाँट हे अभ्यासक म्हणतात नाही, त्याच्याकडे माणूस म्हणजे त्याच्या भूमिकाच, मुलगा, भाऊ, मंत्री, म्हणून याला रोल एथिक्स म्हणा. मला ते अर्धंच पटतं. पहिल्याच उताऱ्यात कोणी ओळख दिली नाही तरी न चिडणारा सज्जन आहे, त्याचा तो गुण कुठल्या एका भूमिकेचा नाही. तुम्हाला वेगळं वाटलं तर तसं लिहा, फक्त उतारा दाखवून लिहा.

लिहून झाल्यावर एक चाचणी करा. प्रत्येक वाक्यात दोघांच्या नावांची अदलाबदल करून बघा, वाक्य तरीही खरं वाटत असेल तर ते कापा. "दोघांनीही सवयीला महत्त्व दिलं" हे असंच उडतं.

एवढं जमलं की कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला मेन्शियस घ्या, विहिरीत पडू घातलेलं मूल बघून कोणाच्याही काळजात चर्र होतं हा त्याचा उतारा, आणि त्याच्यासमोर अ‍ॅरिस्टॉटल न ठेवता ह्यूम (नीतीचं मूळ भावनेत शोधणारा तत्त्वज्ञ) ठेवा. जोडी जास्त चांगली लागते.