स्विच मागवण्याआधी रॅक उघडून पाहा

परिसरातल्या नेटवर्कचे जुने स्विच, म्हणजे संगणक आणि इतर उपकरणं केबलने जोडणाऱ्या पेट्या, बदलायचे असतील तर कोटेशन मागवण्याआधी एक अख्खा दिवस फक्त इमारती फिरण्यासाठी राखून ठेवा. सोबत वही, मोजपट्टी आणि टॉर्च घ्या. प्रत्येक मजल्यावरचा रॅक, म्हणजे स्विच बसवलेलं कपाट, उघडा, पुढून-मागून फोटो काढा. किती यू (रॅकमधल्या उंचीचं माप) मोकळे आहेत आणि रॅक आत किती खोल आहे, हे तिथेच उभं राहून लिहा. मी एका कामात रॅकची खोली जुन्या नकाशावरून धरली होती. स्विच बसला, पण मागे पॉवर केबल वळायला जागाच उरली नाही. दार न लागता तो रॅक कित्येक महिने उघडाच राहिला. तेव्हापासून डेटाशीटमधल्या खोलीत मी प्लग आणि केबलच्या वळणाची जागा आधीच धरतो.

त्याच फेरीत पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, मोजा. पॅच पॅनेलवर (भिंतीतल्या केबल जिथे येऊन संपतात ती पट्टी) दिसतात ते नव्हेत, खरोखर वापरात असलेले. जुन्या स्विचवर लॉगिन करून गेल्या महिन्याभरात कोणत्या पोर्टवरून काहीच गेलं नाही ते पाहिलं, की मागणीचा आकडा बहुतेकदा खाली येतो. वाचलेले पैसे अपलिंकमध्ये, म्हणजे स्विचपासून मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीत घाला.

आता पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं, इथे घाई नको. ४८ पोर्टचा स्विच प्रत्येक पोर्टला ३० वॉट देतो असं लिहिलेलं असतं, पण सगळ्यांना एकदम द्यायचे तर १,४४० वॉट लागतात आणि सोबत येणारा पॉवर सप्लाय अनेकदा त्याच्या निम्माच असतो. म्हणून वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, कॅमेरे, फोन, दाराचे रीडर यांची कमाल वॉटची बेरीज रॅकनिहाय करा. कॅमेऱ्याचा आकडा रात्रीचा धरा, कारण अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज वाढते. दुपारच्या चाचणीत हे दिसतच नाही. नव्या ॲक्सेस पॉइंटना ३० वॉटही अपुरे पडू शकतात. तिथे २०१८ चं ८०२.३बीटी मानक लागतं, ज्यात पोर्टमागे ९० वॉटपर्यंत देता येतात. हा सगळा भार यूपीएसवरही येतो, म्हणून बॅटरी किती मिनिटं टिकेल याचा हिशोब नव्याने करा. वीज कमी पडली तर आधी कोणता पोर्ट बंद व्हावा, हा प्राधान्यक्रमही आजच ठरवा.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर: भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. कॅट-६ प्रतीच्या केबलवर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंतच धरा. केबल त्याहून जुनी कॅट-५ई असेल तर लगेच उपटायला जाऊ नका, २०१६ च्या ८०२.३बीझेड मानकामुळे तिच्यावर २.५ गिगाबिट चालतं.

प्रकाशाने डेटा नेणाऱ्या फायबर केबलचा प्रकार मात्र आवरणावरचा छापील मजकूर वाचूनच ठरवा, रंगावर विसंबू नका. ओएम३ प्रकारावर १० गिगाबिट ३०० मीटर जातं, जुन्या ओएम१ वर तेच मॉड्यूल (फायबर जोडायला स्विचमध्ये खोचतात तो भाग) ३३ मीटरवर थांबतं. दोन इमारतींमध्ये नवी फायबर टाकणार असाल तर लांब पल्ल्याची सिंगल-मोडच टाका. तिचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, धुळीचा कणही प्रकाश अडवतो, म्हणून तपासणीचं स्कोप आणि साफ करायचं पेन खरेदीच्या यादीत हवंच.

संशोधनाचा परिसर असेल तर एक वेगळा विचार लागतो. कार्यालयात शेकडो लोक थोडं थोडं वापरतात, तिथे १ गिगाबिटच्या ४८ पोर्टमागे दोन १० गिगाबिट अपलिंक पुरतात. प्रयोगशाळेत मात्र एकच डीएनए वाचणारा सिक्वेन्सर किंवा मायक्रोस्कोप रात्रभर एकच प्रचंड फाइल ढकलत असतो. दोन अपलिंक एकत्र बांधले तरी असा एक प्रवाह एकाच लिंकवरून जातो. त्याला २५ किंवा १०० गिगाबिटचाच पोर्ट द्या आणि मोठा बफर (डेटा क्षणभर साठवायची जागा) असलेला स्विच मागा, कारण दूरच्या केंद्राकडे डेटा पाठवताना थोडी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, जरी गळली तरी वेग कोसळतो. ईएसनेट या अमेरिकी संशोधन नेटवर्कच्या मंडळींनी मांडलेली सायन्स डीएमझेडची कल्पना इथे उपयोगी पडते. डेटा सर्व्हर परिसराच्या वेशीजवळ ठेवायचे आणि त्यांची वाट नेहमीच्या फायरवॉलमधून (येणारा-जाणारा डेटा तपासणारी यंत्रणा) न नेता स्वतंत्र नियमांनी सांभाळायची.

खरेदीच्या कागदावर मॉडेलच्या आधी गरज लिहा. परवाना कायमचा की दरवर्षीचा, सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत, पंख्याची हवा पुढून मागे की उलट, पॉवर कॉर्ड कोणत्या प्लगची, हे लेखी घ्या. एका फायबर लिंकला मॉड्यूल दोन, म्हणजे प्रत्येक टोकाला एक, लागतात आणि मागणीत एकच धरलं जाणं ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक मॉडेलचा एक स्विच जादा घ्या. माल आल्यावर सिरियल नंबर उत्पादकाकडे पडताळा, मग स्विच काही दिवस टेबलावर चालू ठेवा, फर्मवेअर एकाच आवृत्तीवर आणा.

कॉन्फिगरेशन बसवताना स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे नेटवर्कमध्ये डेटा गोल फिरू न देणाऱ्या व्यवस्थेचा, रूट म्हणजे मुख्य स्विच आपण ठरवायचा. प्राधान्य सगळीकडे मूळचं ३२७६८ राहिलं तर सर्वांत लहान मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातून मिळालेला क्रमांक) जिंकतो, आणि तो अनेकदा कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या स्विचचा असतो. लहान आकडा आधी जिंकतो, म्हणून कोअरला, म्हणजे मधल्या मुख्य स्विचला ४०९६ द्या, टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे तिथे कुणी दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद होतो. एनटीपी (घड्याळ जुळवायला), सिसलॉग (नोंदी ठेवायला) आणि एसएनएमपीव्ही३ (देखरेखीला) पहिल्या दिवसापासून चालू हवेत.

बदलाच्या रात्री प्रयोगशाळेतलं कुणीतरी हजर असू द्या. जुनी उपकरणं १० किंवा १०० मेगाबिटवर ठोकून बसवलेली असतात आणि अनेक मल्टिगिग (१ गिगाबिटहून वेगवान चालणारे) पोर्ट १० मेगाबिट बोलतच नाहीत, त्यामुळे चार साधे पोर्ट तरी राखून ठेवा. काढण्याआधी जुन्या स्विचची मॅक यादी जतन करा, केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, आणि किती वाजता माघार घ्यायची ती वेळ आधी ठरवून सगळ्यांना सांगा. सकाळी सीआरसीचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचे आकडे पाहा, कुठे वाढत असतील तर आधी ती पॅच कॉर्ड बदला. जुना स्विच आठवडाभर त्याच रॅकखाली, कॉन्फिगरेशनसकट, तारीख लिहून ठेवून द्या.