फोटोची प्रिंट ऑनलाइन मागवताना: ऑर्डरचं बटण दाबण्याआधीची कामं

ऑनलाइन मागवलेली प्रिंट बिघडते ती लॅबमध्ये कमी आणि मागवणाऱ्याच्या फोनमध्ये जास्त. चेहरे धूसर येतात, कडेला उभ्या असलेल्या मावशींचा खांदा कापला जातो, संध्याकाळचा फोटो काळवंडतो, लाल शालूवरची वेलबुट्टी नाहीशी होऊन नुसता लाल पट्टा उरतो. या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि चारही पैसे भरण्याआधी टाळता येतात.

मूळ फाइल हातात घ्या

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली फाइल मोठ्या प्रिंटला देऊ नये. पाठवताना फोटो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, शिवाय वरून दाबून बसवलेलं कॉम्प्रेशन असतं. ४×६ इंचाची प्रिंट त्यातून बरी निघते, ८×१२ मध्ये चेहरे मेणाचे वाटू लागतात. एचडी पर्याय त्यापेक्षा बरा, पण तोही मूळ फाइल नव्हे. ज्याने फोटो काढला त्याला सांगा, ‘गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव’ किंवा ड्राइव्हची लिंक मागा. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो सहसा १०८० पिक्सेल रुंद असतो. स्क्रीनशॉटचा तर विचारच करू नका.

आयफोनवर जागा वाचवण्याची आयक्लाउडची सोय चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोटी प्रत असू शकते. अशा वेळी फोटो उघडून, तो पूर्ण उतरेपर्यंत थांबून मगच पुढे पाठवा. लग्नाचे फोटो स्टुडिओकडून घेतानाही विचारून घ्या: पेनड्राइव्हमधले फोटो मूळ आकाराचे आहेत की मोबाइलवर बघण्यासाठी लहान केलेले? बऱ्याचदा दोन्ही फोल्डर असतात आणि घरात फिरतो तो लहान फोटोंचा.

आकाराचं गणित

प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा ‘७२ डीपीआय’ (इंचामागे ठिपके) हा आकडा विसरून जा, त्याला प्रिंटसाठी काही अर्थ नाही. बघायचे ते पिक्सेल. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स, गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवलं की लांबी-रुंदी दिसते. लांब बाजूच्या पिक्सेलना प्रिंटच्या लांब बाजूच्या इंचांनी भागा. उत्तर ३०० च्या आसपास आलं तर हातात धरून बघायची प्रिंट उत्तम येते. २०० पर्यंत फरक सहसा जाणवत नाही. भिंतीवर लावून तीन-चार फुटांवरून बघायची मोठी प्रिंट १५० वरही चालते. १०० च्या खाली गेलात तर आकार कमी करा.

म्हणजे ४×६ ला १२००×१८०० पिक्सेल पुरतात, ८×१२ ला २४००×३६०० आणि १२×१८ ला पूर्ण दर्जा हवा असेल तर ३६००×५४००. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४०३२×३०२४ चा असतो. १२×१८ साठी भागाकार २२४ येतो, म्हणजे बिनधास्त मागवा. पण हे गणित फोटो न कापलेला असेल तरचं. अर्धा कापलेल्या फोटोत पिक्सेल निम्मेच उरतात, आणि डिजिटल झूमने काढलेल्या फोटोत आकडा तोच दिसला तरी खरा तपशील कमी असतो.

आणि पिक्सेल पुरेसे आहेत म्हणजे फोटो स्पष्ट आहे असं नाही. वेबसाइटवर ‘रेझोल्यूशन कमी’ असा इशारा आला तर तो जरूर ऐका. इशारा आला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण ती यंत्रणा फक्त पिक्सेल मोजते, हात हलला होता हे तिला कळत नाही. फोटो १०० टक्के झूम करून डोळ्यांच्या पापण्यांकडे बघा. त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसल्या तर मोठी प्रिंट काढायला हरकत नाही.

ही अडचण सगळ्यात जास्त येते ती घरातलं कुणी गेल्यावर, हाराच्या फोटोसाठी. चांगला एकट्याचा फोटो नसतो, मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून १२×१८ मागवला जातो. दहा माणसांच्या ग्रुपमध्ये एकेका चेहऱ्याला जेमतेम अडीचशे पिक्सेल मिळालेले असतात. तोच चेहरा प्रिंटवर सहा इंच करायचा म्हणजे इंचाला चाळीस-एक पिक्सेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एआयने फोटो मोठा करणारी अ‍ॅप्स ही कमतरता भरून काढतात ती अंदाजाने. डोळे, दात, भुवया ती स्वतःच्या मनाने रंगवतात आणि माणूस ओळखीचा पण आपला नव्हे असा दिसू लागतो. डोंगर, देऊळ, बागेच्या फोटोला ती वापरा, चेहऱ्याला नको. त्यापेक्षा जुना पासपोर्ट फोटो शोधून तो चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयने स्कॅन करून घ्या आणि ५×७ वर समाधान माना. मोठी फ्रेम हवीच असेल तर ५×७ भोवती रुंद माउंट बोर्ड (मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) लावता येतो, आणि ते भिंतीवर चांगलंही दिसतं.

जुन्या ४×६ प्रिंटची दुप्पट करायची असेल तर ६०० डीपीआयचा स्कॅन पुरतो. त्यातून २४००×३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे बरोबर ८×१२. फोनने फोटोचा फोटो काढाल तर ट्यूबलाइटची चमक आणि वाकडे कोपरे दोन्ही येतील.

क्रॉप तुम्ही करा, यंत्राला करू देऊ नका

फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२ मध्ये. ४×६, ८×१२, १२×१८ आणि २०×३० हे सगळे आकार ३:२ चे आहेत. त्यामुळे फोनचा फोटो ४×६ मध्ये बसवताना उंचीतला नववा हिस्सा जातोच. तुम्ही ठरवलं नाही तर तो वरून-खालून सारखा कापला जातो आणि नेमके फेट्याचे तुरे किंवा पायातली जोडवी जातात. फोनच्या फोटोला ६×८, ९×१२, १२×१६, १८×२४ हे आकार तंतोतंत बसतात. लॅबकडे ते असतील तर तेच निवडा. ८×१० च्या तयार फ्रेम बाजारात भरपूर मिळतात, पण कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोचे त्यात लांबीतले दोन इंच जातात. फ्रेम आधी विकत घेऊन मग प्रिंट मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

साइटवर दोन पर्याय दिसतात. ‘फिल’ म्हणजे कागद पूर्ण भरणार, फोटो कापला जाणार. ‘फिट’ म्हणजे फोटो पूर्ण येणार, दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहणार. ग्रुप फोटोला आमचं मत फिटच्या बाजूने आहे. पट्टी कापता येते, कापलेला काका परत जोडता येत नाही.

शिवाय कडांना सुमारे ३ मिलिमीटर कटिंगमध्ये जातात असं धरा. म्हणून तारीख, नाव किंवा बारीक चौकट अगदी कडेला लावू नका. चौकट लावली आणि यंत्र एक मिलिमीटर सरकलं की ती एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक दिसते. कॅनव्हास मागवत असाल तर लाकडी चौकटीवरून मागे वळणारा भाग दीड-दोन इंचांचा असू शकतो, तेवढी मोकळी जागा चारही बाजूंना हवी.

उजेड आणि रंग

‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार बऱ्याचदा स्क्रीनमुळे असते, असं अनुभवी लॅबवाले सांगतील. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद देत नाही. फोन पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून फोटो सुधारला की तो आपल्याला उजळ वाटतो, फाइल मात्र गडदच राहते. उपाय सोपा आहे. दिवसा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही अशा जागी बसा. स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरा. दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नाइट लाइट, ट्रू टोन, आय कम्फर्ट असली पिवळसर छटा देणारी सगळी सोय बंद करा. आता फोटो गडद दिसला तर तो खरंच गडद आहे. तेव्हा ब्राइटनेसचा स्लायडर सरसकट ढकलण्याऐवजी शॅडोज आणि मिडटोन (गडद आणि मध्यम उजेडाचे भाग) थोडे वर घ्या, नाहीतर चेहऱ्यावरचा उजेड फटफटीत होतो.

रंगांच्या बाबतीत लाल आणि केशरी सगळ्यात त्रासदायक. लाल शालू, झेंडूची तोरणं, गुलालाने माखलेली मिरवणूक यांत लाल रंग आधीच टोकाला पोचलेला असतो. त्यावर सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की कापडाची वीण, फुलाच्या पाकळ्या सगळं एकजीव होतं. सॅच्युरेशन फक्त लाल-केशरीपुरतं थोडं कमी करा, तपशील परत दिसू लागतो. स्क्रीनवर जरासं फिकं वाटेल, कागदावर बरोबर येईल.

फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. आयफोन डिस्प्ले पी३ मध्ये फोटो साठवतो, काही कॅमेरे अ‍ॅडोब आरजीबीमध्ये. लॅबच्या सॉफ्टवेअरने फाइलमधली ही रंगपद्धतीची खूण वाचली नाही तर रंग मळकट येतात. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा, ‘असाइन प्रोफाइल’ नव्हे. दुसऱ्याने फक्त लेबल बदलतं आणि रंग बिघडतात. लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना एसआरजीबी निवडलं की काम झालं. फोटो लॅबसाठी सीएमवायके (चार शायांची रंगपद्धत) करू नका, ते छापखान्याचं काम. साठवताना जेपेग, दर्जा ९० टक्क्यांच्या वर. तीच जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवू नका, दर वेळी थोडं नुकसान होतं. एचईआयसी (आयफोनमध्ये फोटो ज्या प्रकारात साठतात ती) फाइल असेल तर आधी जेपेग करून घ्या.

कागद

लॅब कोणत्या पद्धतीने छापते हे साइटवर लिहिलेलं नसेल तर विचारा. फुजीफिल्म क्रिस्टल आर्काइव्ह किंवा कोडॅक एन्ड्युरा ही नावं दिसली तर तो प्रकाशसंवेदी कागद. त्यावर फोटो उजेडाने उमटवून रसायनांत धुतला जातो, जुन्या रोलच्या फोटोंसारखाच. अल्बम आणि घरातल्या फ्रेमसाठी हा दराच्या मानाने सगळ्यात चांगला पर्याय. हानेम्यूले, कॅन्सन यांचे सुती कागद पिगमेंट शाईच्या इंकजेटवर छापतात. ते महाग, आणि वापरावेत प्रदर्शनासाठी किंवा घरातल्या एखाद्याच खास फोटोसाठी. कृष्णधवल फोटोला तर हाच मार्ग बरा, कारण रंगीत फोटो कागदावर करड्या छटेत हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते.

पृष्ठभाग निवडताना फार डोकं लावू नका, लस्टर (ग्लॉसी आणि मॅट यांच्या मधला) घ्या. बोटांचे ठसे कमी, ट्यूबलाइटची चमक कमी, रंग पुरेसे. ग्लॉसी हातात झगमगते, पण प्लॅस्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये पावसाळी दमटपणात ती चिकटते. मेटॅलिक, म्हणजे धातूसारखी चमक असलेला कागद, दागिन्यांना आणि रात्रीच्या रोषणाईला शोभतो, चेहऱ्यांना नाही. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) चिकटवून लॅमिनेट केलेला फोटो स्वस्त आणि टिकाऊ वाटतो, पण पुढे बुडबुडे आले तर प्रिंट सोडवता येत नाही.

ऑर्डर

शक्यतो संगणकावरून, वायफायवर अपलोड करा. मोबाइल अ‍ॅपमध्ये ‘ओरिजिनल’ आणि ‘फास्ट’ असे पर्याय असतील तर ओरिजिनल. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, मराठी नावं काही ठिकाणी चौकोन-प्रश्नचिन्हं होतात. बऱ्याच लॅब प्रिंटच्या पाठीमागे फाइलचं नाव छापतात, त्यामुळे ‘डीएससी’ छापाच्या नावाऐवजी साल आणि प्रसंग लिहिला तर पुढे उपयोग होतो.

‘ऑटो करेक्शन’ची खूण दिसेल. फोटो तुम्ही स्वतः सुधारला असेल तर ती काढा, नाहीतर तुम्ही मुद्दाम ठेवलेला समईचा पिवळा उजेड यंत्र पांढरा करून टाकेल. फोनमधून जसेच्या तसे शंभर फोटो पाठवत असाल तर राहू द्या. मग प्रत्येक फोटोचा प्रीव्ह्यू उघडून क्रॉप बघा. कंटाळवाणं आहे, पण चूक सापडायची हीच शेवटची जागा.

नवीन लॅब असेल तर पहिल्या ऑर्डरला मोठी प्रिंट नको. उजळ चेहरा, सावळा चेहरा, लाल साडी, रात्रीचा फोटो आणि एक कृष्णधवल असे पाच फोटो ४×६ मध्ये मागवा. आले की दिवसाच्या उजेडात बघा, एलईडी दिव्याखाली त्वचेचा रंग फसवतो. सगळे सारखेच गडद असतील तर तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा, सगळ्यांवर सारखीच छटा असेल तर लॅब बदला.

आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ करा. मनाजोगते रंग आले नाहीत म्हणून बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत. दुमडलेला कोपरा, रेघ, चुकीचा आकार याची तक्रार मात्र ऐकतात, तीही ठरावीक दिवसांत केली तर. १२×१८ च्या पुढच्या प्रिंट गुंडाळून नळीत येतात. नळीतून ओढू नका. आतल्या कागदासकट सैल करून काढा आणि स्वच्छ कागदाखाली, वर पुस्तकांचं वजन ठेवून एक-दोन दिवस सपाट होऊ द्या. फ्रेमवाल्याला माउंट बोर्ड घालायला सांगा, म्हणजे काच आणि फोटो यांत फट राहील. काचेला टेकलेला फोटो दमट हवेत काचेलाच चिकटतो आणि काढताना त्याचा थर सोलला जातो. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर आतल्या बाजूने फ्रेम लावणार असाल तर मागच्या चारही कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमच्या पाठीला लागणार नाही.