वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनल घेताय? आधी वर्ग तयार करा

गावोगावच्या शाळांत आता इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने लिहिता येणारे मोठे टच स्क्रीन, येतायत, कुठे कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) निधीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून, आणि ही खरंच आनंदाची गोष्ट आहे. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, पॅनल फळ्याच्या जागी ठोकतात, पोरं त्याच रांगांत त्याच बाकांवर, आणि गुरुजी खडूऐवजी बोटाने लिहितात, मग एवढा खर्च करून बदललं काय? म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी ही कामं उरकून घ्या.

पहिलं म्हणजे बाकं. लोखंडी जोडबाक सरकवला की शेजारचा वर्गसुद्धा थांबतो, त्यामुळे कोणी हलवतच नाही. त्याऐवजी समलंब आकाराची हलकी टेबलं करून घ्या, दोन पोरांना मिळून उचलता येतील अशी, दोन टेबलं जोडली की षटकोन होतो आणि सहा जणांचा गट आरामात बसतो. चाकं हवी असतील तर ब्रेकवालीच. पहिली-दुसरीला मात्र टेबल नकोच, बसकरपट्ट्या आणि बुटके डेस्क बेस्ट. फरशीवर ऑइलपेंटने खुणा करा, गटाच्या वेगळ्या, गोलाच्या वेगळ्या, मग मुलंच मांडणी बदलतात. सुरुवातीला गोंधळ होईल, होऊ द्या.

वायरिंग फर्निचरनंतर ठरवा. चारही भिंतींना पॉइंट हवेत, नाहीतर मधोमध एक्स्टेंशन बोर्ड येतो आणि त्यात कोणीतरी अडकून पडतंच. अर्थिंग तपासून घ्या आणि पॅनलला यूपीएस लावाच.

आता पॅनल. ७५ इंची पॅनल ५० किलोच्या पुढेमागे भरतो, त्यामुळे चार इंची भिंतीवर अजिबात टांगू नका, तिथे ब्रेकच्या चाकांचा स्टँड घ्या. उंची मोठ्यांच्या नाही, मुलांच्या हाताने ठरवा, लहान वर्गात खालची कड जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास ठेवली तर पोरांना स्वतः लिहिता येतं. आणि खिडकीचं थेट ऊन पडेल तिथे पॅनल नको. बहुतेक पॅनलच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरण आडवे-उभे जात असतात, बोट मधे आलं की किरण अडतो आणि टच कुठे झाला ते कळतं. म्हणूनच चौकटीच्या खोबणीत खडूची धूळ साचली की स्क्रीनवर आपोआप रेघा उमटायला लागतात, लोकांना वाटतं पॅनल गेला, पण मऊ कोरड्या कापडाने चारही कडा पुसल्या की बऱ्याचदा काम होतं. खडूचा फळा ठेवायचाच असेल तर पॅनलपासून लांबच्या भिंतीवर ठेवा.

आवाजाकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तिथेच फसतं. गटात काम म्हणजे सगळे एकदम बोलणार, वर पत्रा आणि चारी बाजूंनी सिमेंट असेल तर डोकं उठतं. ब्रिटन-अमेरिकेत १९७० च्या आसपास वर्गांमधल्या भिंती काढून ओपन शाळा बांधल्या होत्या, आवाजाला कंटाळून कित्येक ठिकाणी परत भिंती घालाव्या लागल्या. तेव्हा दोन वर्ग जोडायचे तर भिंत पाडू नका, मधे रुंद दार काढा. रिकाम्या वर्गात टाळी वाजवून बघा, घुमली तर मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड आणि खिडक्यांना जाड पडदे लावा. थर्माकोल नको, पटकन पेटतो.

नेटच्या भरवशावर तास ठेवू नका, सरकारच्या दीक्षा ॲपवरचं शिकवायचं साहित्य आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं त्यामागे पुस्तकांना जोडलेले साधे क्यूआर कोड होते, म्हणजे महागडं काही आलं तरच शिकवणं बदलतं असं नाही.

आणि पेमेंट करायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या: दुरुस्तीला माणूस शाळेत किती दिवसांत येणार, आणि सगळ्या शिक्षकांचं ट्रेनिंग याच पॅनलवर, याच वर्गात होणार.