सोलापूरकडं शेतावर राहायला येताय? फिरायचा बेत आखताना या चुका टाळा

हुरड्याचा सीझन लागला की पुण्या-मुंबईची मंडळी सोलापूरच्या आसपास कुठंतरी शेतावर दोन-तीन दिवस राहायला येतात आणि येतानाच मोबाईलमध्ये लिस्ट तयार असते, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग, पंढरपूर, गोलघुमट, वेळ उरला तर फ्लेमिंगो. आणि हे सगळं एका रविवारी! अहो, ही गावं सोलापूरच्या चार बाजूंना आहेत. अक्कलकोट साधारण 40 किलोमीटर, पंढरपूर पार उलट्या दिशेला 70 च्या पुढं, गोलघुमटाचं विजापूर 100 च्या आसपास आणि तेही कर्नाटकात. दिवसाला एकच दिशा धरा, बास. सगळ्यात सोपी जोडी म्हणजे हैदराबाद हायवेनं सकाळी नळदुर्ग, किल्ला बघून तिथनंच तुळजापूर, आणि संध्याकाळी तुळजापूर रोडनं सोलापूर. गेलेल्या रस्त्यानं परत यायची गरजच नाही.

दुसरं म्हणजे वार न बघता निघणं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा, अक्कलकोटला गुरुवार, या दिवशी गर्दी असणारच, लहान पोरं नाहीतर म्हातारी माणसं सोबत असतील तर दुसरा वार बघा. कोजागरीला तर सोलापूरहून तुळजापूरला एवढे लोक चालत जातात की तो रस्ता गाड्यांना बंदच ठेवतात, त्या दिवशी वरची जोडी विसरा. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांची गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत शहरातनं गाडी काढायला जाऊ नका, उलट गाडी लांब लावून चालत जा, नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न बघा, ते सोडून बाकीचं काय बघणार तुम्ही?

आता नळदुर्ग. रीलमध्ये नर-मादी धबधबा बघून लोक जानेवारीत येतात आणि कोरडी भिंत बघून नाराज होतात. तो काही बारमाही धबधबा नाही, बोरी नदीला पाणी भरपूर आलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरनं ते कोसळतं, म्हणजे चांगल्या पावसाळ्यातच. पण पाणी नसलं तरी पाणीमहाल चुकवू नका, बंधाऱ्याच्या पोटातच खोली काढलीय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम, पूर आला की खिडकीसमोरनं पाणी पडतं आणि आतला माणूस कोरडा. किल्ला मात्र मोठा आणि उघडा आहे, सावली कमी, उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्या दुपारी 12 ला चढायला घेऊ नका.

नान्नजला माळढोक दिसेल या आशेनं जाणं ही पण तशीच चूक. अभयारण्य 1979 चं, नाव माळढोकाचं, पण तो पक्षी आता जवळजवळ दिसत नाही. काळवीट बघायला जा, नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. सकाळी लवकर जायचं, गाडी गवतात घालायची नाही, तिथं बरेच पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. फुल पँट घाला, आणि मोज्यात कुसळं घुसली तर तिथंच काढा, नाहीतर दिवसभर टोचत राहतात.

फ्लेमिंगोचं एवढंच की उजनीच्या धरणावर जाऊन उपयोग नाही, ते मागं भिगवण-कुंभारगावच्या बॅकवॉटरला असतात आणि ते अंतर सोलापूरहून एका दिवसात दमवणारं आहे. पुण्याहून येताना वाटेत करा.

हत्तरसंग कुडल कुणाच्या लिस्टमध्येच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. भीमा-सीनेचा संगम, साडेतीनशेवर मुखं कोरलेलं शिवलिंग, आणि शके 940 म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख, वाचणारा विजयी होवो अशा अर्थाची ओळ आहे त्यात. अक्षरं दिसत नाहीत म्हणून पाणी मारू नका, खडू तर अजिबात लावू नका, मोबाईलचा टॉर्च बाजूनं आडवा धरला की सावलीत अक्षरं उठून दिसतात. पाणी आणि डबा बरोबर घ्या.

हुरड्याच्या दिवशी बाहेरचा बेत ठेवू नका. आगटीतनं, म्हणजे शेणीच्या विस्तवातनं, गरम हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ असं पोटभर झालं की कुणी गाडीत बसायला तयार नसतं. आणि हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच, एप्रिलमध्ये बुकिंग करून हुरडा मागू नका, तेव्हा इथं ऊन 42 च्या वर जातं.

पावसाळ्यात येणार असाल तर मॅप शॉर्टकट म्हणून शेतातली वाट दाखवतो, ती घेऊ नका. इकडची काळी माती ओली झाली की टायरला चिकटून मडगार्डपर्यंत भरते. गाडी रुतलीच तर रेस देऊ नका, चाक आणखी खाली जातं. पुढची माती खोऱ्यानं काढा, चाकाखाली तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) किंवा दगड घाला, हळू मागं-पुढं करा. नाहीच निघाली तर जवळच्या वस्तीवर ट्रॅक्टर मिळतो, आणि तेवढ्यासाठी मालकाचा नंबर मोबाईलशिवाय कागदावर पण लिहून ठेवा, शिवारात रेंज आणि बॅटरी दोन्ही एकदमच जातात.