टीव्ही युनिट आधी मागून बघा

ठाण्यातल्या आमच्या घोडबंदरच्या घरात पहिलं टीव्ही युनिट आलं तेव्हा सगळे समोर उभे राहून त्याचं कौतुक करत होते. अक्रोडी सनमायका, हँडल नसलेली दारं, सगळं झकास. मग मी एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या वस्तू टीव्ही आणि स्पीकरला जोडणारा डबा, आत सरकवला आणि तो तीन बोटं बाहेरच राहिला. युनिट पंधरा इंच खोल, रिसीव्हर जवळजवळ तेवढाच आणि पाठीमागच्या वायरींचा हिशेब कोणीच केला नव्हता. शेवटी मागची फळी कापली, युनिट भिंतीपासून चार इंच पुढे ओढलं आणि त्या फटीतून वायरींचं जंजाळ वर्षभर दिसत राहिलं. तेव्हापासून कोणी युनिट निवडायला सोबत नेलं, की मी दुकानात आधी मागे जाऊन वाकतो.

कागद, पेन आणि टेप

घरात काय आहे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काय येईल, याची यादी करा: सेट टॉप बॉक्स, रिसीव्हर किंवा साउंडबार, गेमिंग कन्सोल, राउटर, स्पीकर. प्रत्येकाची रुंदी, उंची, खोली टेपने मोजा. माहितीपत्रकातलं माप बहुधा प्लग न लावता घेतलेलं असतं. एचडीएमआयचा प्लग आणि त्यामागे केबल वळायला जागा मिळून दोन-तीन इंच सहज लागतात. रिसीव्हर स्वतःच 13 ते 15 इंच खोल असतो, म्हणून त्याच्या खणाला 18 इंच खोली धरा, तीही आतून. हा ‘आतून’ शब्द सुताराला दोनदा सांगा. तो बाहेरून मोजतो आणि दार व पाठीची फळी मिळून इंचभर जागा खातात.

प्लेस्टेशन 5 चं पहिलं मॉडेल 39 सेंटीमीटर लांब आहे. ते उभं ठेवायचं असेल तर नेहमीच्या बुटक्या युनिटमध्ये मावणार नाही. फक्त साउंडबार आणि सेट टॉप बॉक्स असेल तर मात्र एवढा व्याप नको. बारा इंच खोलीची लांब फळी पुरते, उरलेल्या पैशात चांगला साउंडबार घ्या.

55 इंची टीव्ही साधारण चार फूट रुंद असतो, 65 इंची पावणेपाच फूट. युनिट दोन्ही बाजूंना निदान सहा इंच जास्त असावं, नाहीतर टोपीखाली डोकं लहान तसं दिसतं. उंचीत बहुतेक घरं चुकतात. आपल्याकडे टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीला टांगायची सवय आहे. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून 40 ते 42 इंचांवर येतात आणि स्क्रीनचा मध्य तिथेच यायला हवा. म्हणजे 65 इंची टीव्हीची खालची कड 25 इंचांच्या आसपास येते आणि त्याखालच्या युनिटला फार तर 20 इंच उंची मिळते.

भिंत कोणती आहे?

सुताराला बोलवण्याआधी हे विचारून घ्या. घोडबंदर, कोलशेत, खारघर या भागांतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा स्लॅबबरोबर काँक्रीटमध्ये ओततात. बोलताना सगळे त्याला ‘मिवान’ म्हणतात. तिथे भिंत म्हणजे इमारतीचा सांगाडाच. वायर लपवायला ग्राइंडरने खाच मारली तर सळईपर्यंत पोहोचाल आणि सोसायटीची नोटीस येईल ती वेगळीच. ताबा घेताना मिळालेले कागद वाचा किंवा सोसायटीच्या ऑफिसात विचारा. ब्रॅकेटसाठी भोकं पाडता येतात, पण त्याला रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं दणकट ड्रिल लागतं. साधं ड्रिल घेऊन आलेला माणूस अर्धा तास धूर काढून परत जातो.

वाशी-नेरूळची सिडकोची जुनी घरं किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारती यांत बहुधा विटांची भिंत असते. तिथे खाच मारता येते, पण जाड आहे की चार इंची, ते आधी बघा. चार इंची भिंतीत दोन इंची पाइप पुरायचा म्हणजे भिंत अर्धी करणं झालं. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर तिला चिकटून युनिट नकोच.

दोन्ही ठिकाणी चालतो असा उपाय म्हणजे भिंतीपुढे लाकडी पट्ट्यांची चौकट मारून, दोन इंचांची पोकळी सोडून त्यावर प्लायचं पॅनेल लावणं. सगळ्या केबल त्या पोकळीतून खाली येतात आणि भिंतीला हात लागत नाही. टीव्हीचा भार मात्र पॅनेलवर टाकू नका. ब्रॅकेटच्या जागी मागे भक्कम लाकूड भरून बोल्ट थेट भिंतीत घ्या.

तयार की सुताराकडून?

तुर्भ्याला 2020 च्या डिसेंबरमध्ये आयकिया उघडलं आणि तयार युनिट हाताळून बघायची सोय झाली. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तर जुनाच. तयार युनिट घेताना मी तीन गोष्टी बघतो: पाठ उघडी आहे का किंवा कापता येते का, मधले खण वर-खाली करता येतात का आणि माल कसला आहे. पार्टिकल बोर्ड हलका आणि स्वस्त असतो, पण आपल्या हवेत पाणी लागलं की फुगतो, आणि पाणी छपरातून नाही, फरशी पुसायच्या ओल्या फडक्यातून लागतं. खालची कड वर्षा-दोन वर्षांत पापडासारखी होते. बोर्डच घ्यायचा असेल तर भिंतीवर टांगलेलं किंवा चार-पाच इंच पायांवर उभं युनिट घ्या, म्हणजे झाडू-पोछा खालून जाईल.

सुताराकडून करणार असाल तर ओल सोसणारा मरीन प्लाय मागा आणि त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का आहे का, हे दुकानातच बघा. खणांना 18 मिलिमीटर जाडी हवी. रिसीव्हर दहा किलोच्या घरात जातो आणि 12 मिलिमीटरची लांब फळी त्याखाली हळूहळू वाकते.

उष्णता

मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात रिसीव्हर बंद दारामागे तासभर चालला, की हात लावायची सोय राहत नाही. आमचा एकदा ऐन क्लायमॅक्सला स्वतःहून बंद पडला. बिघाड काही नव्हता, त्याने स्वतःला वाचवलं. त्याच्या डोक्यावर चार इंच आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे सोडा. गरम हवा वर जाते, म्हणून खणाच्या तळाला गार हवा घेणारी आणि पाठीत वरच्या बाजूला गरम हवा सोडणारी अशी दोन्हीकडे भोकं हवीत. एकाच बाजूला भोकं पाडली तर हवा खेळत नाही. त्यांवर बारीक जाळी ठोका. पालींना ही ऊबदार जागा फार आवडते. तरीही तापत असेल तर यूएसबीवर चालणारा कॉम्प्युटरचा पंखा मागे लावा. एका वस्तूवर दुसरी रचणं तर नकोच, रिसीव्हरवर सेट टॉप बॉक्स ठेवणं हे त्याच्या डोक्यावर गोधडी टाकणं आहे.

दारं आणि रिमोट

सेट टॉप बॉक्स आणि रिसीव्हरच्या बहुतेक रिमोटचा इन्फ्रारेड किरण प्लायमधून जात नाही. दाराला वेताची जाळी, कापड किंवा काच लावली तर काम होतं. मला वेताची जाळी सगळ्यात बरी वाटते, कारण तीतून हवाही जाते. बंद दारच हवं असेल तर रिमोटचा किरण आत पोहोचवणारा आयआर रिपीटर लावा, त्याचा बारीक डोळा बाहेर चिकटवायचा. ब्लूटूथच्या रिमोटला ही अडचण नसते. राउटर मात्र कपाटात कोंडू नका, बेडरूममध्ये वायफाय पोहोचणार नाही.

सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कपाटाबाहेर जमिनीवर हवा, आत ठेवला की आख्खं युनिट गुणगुणतं. सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीखालचा मधला स्पीकर, खणाच्या पुढच्या कडेला अगदी टेकवून ठेवा.

केबल

टीव्हीपासून युनिटपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप घ्या. एक इंचीच्या बाकात एचडीएमआयचं डोकं हमखास अडकतं. एचडीएमआय 2.1 हे 2017 साली आलं, उद्या आणखी काही येईल, म्हणून पाइपमध्ये नायलॉनची दोरी सोडून ठेवा, नवी केबल तिला बांधून ओढता येते. 4के चित्रासाठी साधी तांब्याची एचडीएमआय पाच मीटरपर्यंत ठीक चालते, त्यापुढे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशतंतूची एचडीएमआय घ्या.

विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या केबल वेगवेगळ्या बाजूंनी न्या, एकत्र बांधल्या तर स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू येण्याची शक्यता असते. टीव्हीची प्लगवाली वायर भिंतीत किंवा पीओपीत पुरू नका, ती त्यासाठी नसते. त्यापेक्षा टीव्हीच्या पाठीमागेच इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट काढून घ्या. युनिटमधले पॉइंट मोजताना वस्तूंची संख्या अधिक दोन धरा. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका आणि जे आहे ते खणाच्या भिंतीला स्क्रूने बसवा, जमिनीवर लोळू देऊ नका.

खणांना 60 मिलिमीटरची भोकं पाडून त्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे वायर मॅनेजर बसवा. बांधायला केबल टायपेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी, दर वेळी कात्री शोधावी लागत नाही. मागच्या स्पीकरची वायर स्कर्टिंगच्या वर केसिंग पट्टीतून न्या आणि पट्टी भिंतीच्या रंगात रंगवा. भाड्याच्या घरात तर पट्टीशिवाय पर्यायच नाही.

जोडणीच्या दिवशी

रिसीव्हर पूर्ण बाहेर ओढता येईल इतकी, म्हणजे दीड-दोन फूट, केबल मागे मोकळी ठेवा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. पाठीची फळी आणि पॅनेलचा एक भाग खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवून घ्या. ते स्क्रूही शेवटी आवळा, सोफ्यावर बसून, दारं बंद करून, प्रत्येक रिमोटने प्रत्येक वस्तू एकदा चालू-बंद करून बघितल्यावर.