थीम पार्कमधल्या ‘कल्चरल एक्स्चेंज’ नोकरीसाठी अर्ज करताय? या चुका टाळा

‘डिस्नेत भारतीय मुलांना घेतात’ एवढं कुणाकडून तरी ऐकायचं आणि लगेच फॉर्म भरायला बसायचं, इथेच पहिली गफलत होते. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं पार्क आहे. त्याच्या वर्ल्ड शोकेस भागात ११ देशांची दालनं आहेत, आणि तिथल्या सांस्कृतिक प्रतिनिधींच्या कार्यक्रमात प्रामुख्याने त्या-त्या देशांतली तरुण मंडळी घेतली जातात. त्या ११ देशांत भारत नाही. या कार्यक्रमाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो क्यू-१ व्हिसा १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आला आणि ‘डिस्ने व्हिसा’ म्हणूनच ओळखला जातो. तो जास्तीत जास्त १५ महिन्यांचा असतो आणि त्यासाठीची मूळ याचिका कंपनी दाखल करते, उमेदवार नाही. त्यामुळे ‘तुम्हाला क्यू-१ मिळवून देतो, आधी पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा उपयोगी पडतो तो जे-१, म्हणजे अमेरिकेचा देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा. पण त्यातही वेगवेगळे प्रकार आहेत. ‘समर वर्क ट्रॅव्हल’ हा जास्तीत जास्त चार महिन्यांचा, कॉलेजच्या सुट्टीत करायचा. ओहायोतल्या सॅन्डस्कीमधलं सीडर पॉइंट किंवा विस्कॉन्सिन डेल्समधली वॉटर पार्क अशा ठिकाणी हंगामात जे-१ वरची मुलं मोठ्या संख्येने दिसतात, ती बहुतेक याच प्रकारातली. ‘इंटर्न’ हा १२ महिन्यांपर्यंतचा, शिकत असलेल्या विषयाशी जोडलेला असावा लागतो आणि त्याला डीएस-७००२ नावाचा प्रशिक्षण आराखडा लागतो. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं आधी हा दुसरा पर्याय बघत नाहीत, हे मला नेहमी अजब वाटतं.

पात्रतेत दोन ठिकाणी अर्ज अडतात. समर वर्क ट्रॅव्हलसाठी तुम्ही वर्गात बसून पूर्णवेळ शिकणारे हवेत आणि निदान एक सेमिस्टर पूर्ण झालेलं हवं. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने पदवी करणाऱ्याचा अर्ज इथे बसत नाही. दुसरी अडचण वेळापत्रकाची. आपली परीक्षा लांबली, एटीकेटीचा पेपर जूनमध्ये आला, की पार्कने दिलेली रुजू व्हायची तारीख हातची जाते. नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी कॉलेजकडून सुट्टीच्या तारखांचं लेखी पत्र घ्या. ‘सर म्हणाले जमेल’ यावर विसंबू नका.

आता नावाचा घोळ. हा दिसायला किरकोळ, पण सगळ्यात जास्त त्रास देणारा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा शेवटी आईचंही. जाधव प्रथमेश सुनील मंगल. पासपोर्टवर मात्र आडनावाच्या रकान्यात जाधव आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात प्रथमेश सुनील. स्पॉन्सरच्या, म्हणजे जे-१ कार्यक्रम चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या, फॉर्मवर मुलगा गुणपत्रिका बघून नाव टाकतो, डीएस-२०१९ (ती संस्था देते तो पात्रतेचा कागद) तसाच छापून येतो, आणि मुलाखतीच्या तोंडावर धावाधाव सुरू होते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव टाका: स्पॉन्सरचा फॉर्म, सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) फीची पावती, डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), विमा. डीएस-२०१९ हातात आला की नाव, जन्मतारीख आणि एन अक्षराने सुरू होणारा सेविस क्रमांक जागेवरच ताडून बघा. चूक सापडली तर पेनाने दुरुस्त करायची नाही, स्पॉन्सरकडून नवा कागद मागवायचा.

एजंटबद्दल थोडं. डीएस-२०१९ फक्त अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला स्पॉन्सरच देऊ शकतो आणि त्यांची यादी खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. भारतीय उमेदवाराची नोकरी आधी ठरलेली असावी लागते, ‘तिथे पोहोचलात की बघू’ हे चालत नाही. खर्चाची बाबवार यादी लेखी मागा. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

मुलाखतीत, म्हणजे आधी स्पॉन्सर किंवा पार्ककडे आणि मग मुंबईत बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात, पाठ केलेलं इंग्रजी लगेच उघडं पडतं. पार्कवाले विचारतात ते साधं असतं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारचा गडगडाट नेहमीचाच. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. तासभर रांगेत उभं राहिलेलं कुटुंब तुमच्यावर चिडलंय, काय कराल? ‘आय विल मॅनेज’ हे उत्तर नाही. आधी ऐकून घेईन, राइड का थांबली ते सांगेन, जवळचा आडोसा दाखवेन, सुपरवायझरला कळवेन: एवढं तुटक इंग्रजीत सांगितलंत तरी पुरतं. दूतावासात ‘तिथे किती मिळतील’ याचंच गणित मांडत बसू नका. कार्यक्रम देवाणघेवाणीचा आहे. परत येऊन कोणतं सेमिस्टर, कोणती परीक्षा, हे तारखेसकट सांगता आलं पाहिजे.

डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून जे-१ व्हिसाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. जुनं, विसरलेलं खातं असेल तर तेही लिहा.

पैशांचा हिशेब करताना तासाचा दर गुणिले रुपये असं करून मोकळं होऊ नका. फ्लोरिडात ३० सप्टेंबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १४ डॉलर आहे, पण पार्कमध्ये गर्दी कमी झाली की तास कमी होतात, भाडं बऱ्याच ठिकाणी पगारातूनच कापतात आणि पहिला पगार लगेच येत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांचा खर्च घरूनच न्यावा लागतो. कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस मिळतात ते फिरायला. त्यात काम केलं तर व्हिसाचा नियम मोडतो. राहण्याचा पत्ता बदलला तर स्पॉन्सरला १० दिवसांत कळवायचं, हेही खोल्या बदलताना बऱ्याच जणांच्या डोक्यातून निघून जातं.

आणि अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली नकार आला तर? म्हणजे तुम्ही परत याल हे अधिकाऱ्याला पटलं नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण जे-१ साठीची १८५ डॉलरची व्हिसा फी परत मिळत नाही आणि तेच कागद घेऊन पुढच्या आठवड्यात गेलात तर बहुधा तेच उत्तर मिळतं. काही बदललं असेल तरच जा: निकाल लागला, पुढच्या वर्षाचा प्रवेश पक्का झाला, तारखा नीट बसल्या. नव्या डीएस-१६० मध्ये ‘आधी व्हिसा नाकारला होता का’ या प्रश्नाला हो लिहा, कारण ती नोंद त्यांच्याकडे असतेच.